मिळून म्हटलेली प्रार्थना

ऑक्टोबर हा आम्हां कॅथलिक ख्रिस्ती लोकांत जपमाळेचा महिना मानला जातो. त्या महिन्यात दिवेलागणीच्या सुमारास आपण वसईकडच्या एखाद्या गावात गेलात, तर केळीच्या बागांतून जाणाऱ्या वाटेवर, जिथे दोनतीन आळ्या एकत्र येतात अशा ठिकाणी, चुन्याने रंगविलेला एक क्रूस आपल्या दृष्टीस पडेल. त्याला झेंडूच्या माळा घातलेल्या असतात, पायाशी मेणबत्त्या तेवत असतात आणि भोवती पंधरावीस माणसे उभी असतात. कोणी मुंबईहून लोकलने नुकताच परतलेला, कोणी बागेला पाणी देऊन हातपाय धुऊन आलेला. एक म्हातारी बाई प्रार्थनेचा अर्धा भाग म्हणते आणि थांबते. बाकीची माणसे उरलेला अर्धा पुरा करतात. पुन्हा ती अर्धा म्हणते, पुन्हा ते पुरा करतात. दूरच्या माणसाला शब्द कळत नाहीत. एक आवाज वर येतो, आणि त्याच्यामागून अनेक आवाजांची एक लाट येऊन त्याला मिळते, एवढेच त्याला ऐकू येते.

माझे एक वडीलधारे स्नेही एकदा अशा वेळी माझ्याबरोबर होते. ते वारकरी घराण्यातले. पण स्वतः विचाराने स्वतंत्र आणि वाचन दांडगे. थोडा वेळ उभे राहून त्यांनी ऐकले आणि मग मला म्हणाले, "कानाला हे फार गोड लागते. पण एक विचारू का? देवाशी बोलावयाचे, तर माणसाने आपल्या शब्दांत बोलावे. दुसऱ्या कोणी शेकडो वर्षांपूर्वी रचून ठेवलेले शब्द, तेही पन्नास वेळा आणि तेही घोळक्याने म्हणावयाचे, यात तुमचे स्वतःचे असे काय उरले?"

प्रश्न सरळ होता आणि विचारणाऱ्याच्या मनात खोच नव्हती. मी काहीतरी उत्तर दिले. परंतु ते माझे मलाच पटले नाही. त्या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली. आज आपल्यापुढे मी जे चार विचार मांडणार आहे, ते म्हणजे माझ्या त्या स्नेह्यांना द्यावयाचे राहून गेलेले उत्तर आहे.

प्रथमच एक गोष्ट कबूल केली पाहिजे. माझ्या स्नेह्यांच्या बाजूने साक्ष द्यावयास खुद्द प्रभू येशूच उभा राहील. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात तो आपल्या शिष्यांना सांगतो की, लोकांना दिसावे म्हणून चव्हाट्यावर उभे राहून प्रार्थना करू नका. आपल्या खोलीत जा, दार लावून घ्या आणि गुप्तपणे आपल्या पित्याची प्रार्थना करा. पुढे तो असेही बजावतो की, पुष्कळ बोलल्याने देव ऐकतो असे समजून उगाच शब्दांची पुनरुक्ती करू नका. इतके स्पष्ट सांगितल्यावर क्रुसाभोवती जमून पन्नास मणी ओढणाऱ्या आमच्यासारख्यांनी काय बोलावे?

परंतु हा उपदेश तेथे संपत नाही. त्याच अध्यायात, त्याच दमात, येशू शिष्यांना एक प्रार्थना शिकवितो. तीच ही जगभरच्या ख्रिस्ती लोकांची 'प्रभूची प्रार्थना'. ती फार लहान आहे. सावकाश म्हटली तरी अर्ध्या मिनिटात संपते. या प्रार्थनेची एक मौज अशी की, आरंभापासून शेवटपर्यंत तिच्यात 'मी' किंवा 'माझे' हा शब्द एकदाही येत नाही. पिता आमचा आहे, भाकर आमची आहे, अपराध आमचे आहेत आणि मोहातून सोडविणे आहे तेही आम्हांला. म्हणजे दार लावून घेण्यास सांगणाऱ्यानेच, त्या बंद दाराआड म्हणावयाचे शब्द मात्र अनेकवचनी दिले! खोलीत माणूस एकटा असेल, पण प्रार्थनेत तो एकटा नाही. त्याने दार लावले ते प्रतिष्ठेला आणि दिखाऊपणाला, शेजाऱ्याला नव्हे.

तिसऱ्या शतकात उत्तर आफ्रिकेतील कार्थेज नगरीत सिप्रियन नावाचा एक बिशप होऊन गेला. इ. स. २५८ मध्ये तो हुतात्मा झाला. या प्रार्थनेवर त्याने एक सुंदर प्रबंध लिहिला आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, आमची प्रार्थना ही सार्वजनिक वस्तू आहे. आम्ही प्रार्थना करतो ती एकासाठी नसते, साऱ्या समाजासाठी असते, कारण आम्ही सारे मिळून एक आहोत. हे वाचल्यावर भाकरीच्या मागणीकडे पुन्हा पाहावे. जो 'आमची' भाकर मागतो, त्याला स्वतःचे ताट भरले म्हणून मागणे पुरे झाले असे म्हणता येत नाही. शेजारच्या घरात चूल पेटली नसेल, तर त्याची स्वतःची प्रार्थना अजून अपुरीच आहे. एका सर्वनामाने केवढी जबाबदारी अंगावर टाकली पाहा!

आता उसन्या शब्दांचा प्रश्न. दुसऱ्याचे शब्द तोंडात घेणे हे कमीपणाचे, असे आपल्याला का वाटावे? क्रुसावर मरणाच्या घटकेला प्रभू येशूच्या तोंडी जे शब्द आले म्हणून मत्तय आणि मार्क सांगतात, ते त्याचे स्वतःचे नव्हते. ते बाविसाव्या स्तोत्राच्या आरंभीचे शब्द होते. ज्या स्तोत्रसंहितेतली गीते त्याच्या यहुदी समाजात पिढ्यान् पिढ्या मिळून म्हटली जात होती, तिच्यातले ते शब्द. ज्याच्या दृष्टान्तांवर दोन हजार वर्षे माणसे मोहून गेली, त्याला शब्दांची वाण नव्हती. परंतु वेदना पराकोटीला पोहोचली तेव्हा त्याने नवे शब्द शोधले नाहीत. आपल्या लोकांचे जुने शब्द त्याने उचलले. देवाने आपल्याला टाकले, असे ज्यांना ज्यांना पूर्वी वाटले होते, त्या साऱ्यांच्या रांगेत तो जाऊन उभा राहिला.

हे मी पुस्तकात वाचले होते. पण त्याचा अर्थ मला कळला तो निराळ्या रीतीने. क्षमा करा, थोडे स्वतःचे सांगतो.

माझे वडील गेले ते अकस्मात. आमच्याकडे माणूस गेल्यावर सात दिवस संध्याकाळी शेजारीपाजारी त्या घरी जमून जपमाळ म्हणतात. या जपमाळेत मरियेच्या प्रार्थनेला प्राधान्य असते, आणि त्या प्रार्थनेचे दोन भाग असतात. पहिला भाग वंदनाचा. तो लूकच्या शुभवर्तमानातून, म्हणजे देवदूताने आणि एलिझाबेथने मरियेला उद्देशून काढलेल्या उद्गारांतून घेतलेला आहे. तो एकाने म्हणावयाचा. दुसरा भाग विनवणीचा. आम्हां पाप्यांसाठी आता आणि आमच्या मरणाच्या वेळी विनंती कर, अशा आशयाचा. तो सर्वांनी म्हणावयाचा. घरातला थोरला म्हणून पहिला भाग म्हणण्याचे काम माझ्याकडे आले. पहिल्या दिवशी मी सुरुवात केली, दोन मणी कसेबसे झाले आणि तिसऱ्याला माझा घसा दाटला. खरे सांगावयाचे तर नुसता घसा दाटला असे नव्हे. मनातूनही शब्द निघेना. ज्याला वंदन करावयाचे त्याच्यावरच मी रागावलो होतो. त्या संध्याकाळी मला जर कोणी म्हटले असते, 'आता आपल्या शब्दांत प्रार्थना कर,' तर माझ्याजवळ एकही शब्द नव्हता. आणि जो होता तो प्रार्थनेत बसण्यासारखा नव्हता.

क्षणभर घर शांत झाले. मग कोपऱ्यात बसलेल्या शेजारच्या काकूंनी माझा अर्धा भाग उचलला. त्यांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. जणू ते त्यांचेच काम होते अशा सहजपणाने त्या म्हणत राहिल्या आणि सारे घर उत्तर देत राहिले. मी मुकाट बसून होतो. तरी प्रार्थना चालू होती. आणि ती माझ्या वडिलांसाठी होती, माझ्या घरात होती, म्हणजे माझीच होती. तिसऱ्या दिवशी मी उत्तराच्या भागात मिसळलो. सहाव्या दिवशी पहिला भाग मी पुन्हा घेतला. मधल्या दिवसांत माझी श्रद्धा कोठे होती असे कोणी विचारले, तर मी म्हणेन, ती शेजाऱ्यांनी सांभाळून ठेवली होती.

मला वाटते, पारंपरिक प्रार्थनेचे खरे मोल येथे आहे. माझे स्वतःचे शब्द माझ्यापुरते असतात. मी कोसळलो की ते माझ्याबरोबर कोसळतात. जे शब्द सर्वांना ठाऊक आहेत, ते माझ्या तोंडून गळून पडले तर दुसरा कोणी ते वरच्यावर झेलू शकतो. काकूंना माझा भाग उचलता आला, कारण तो भाग त्यांना पाठ होता. मी स्वतः रचलेली एखादी उत्तम प्रार्थना म्हणत असतो, तर ती तिसऱ्या वाक्याशी तुटली असती आणि तिला जोडावयास जगात कोणी समर्थ नव्हते.

या मिळून म्हणण्याला सांत्वनाच्या जोडीने एक कठोर बाजूही आहे. सहाव्या शतकात इटलीमध्ये संत बेनेडिक्टने आपल्या मठवासी बंधूंसाठी जी नियमावली लिहिली, तिच्या तेराव्या अध्यायात एक मोठा शहाणपणाचा नियम आहे. दररोज सकाळच्या आणि संध्याकाळच्या उपासनेच्या अखेरीस मठाधिपतीने प्रभूची प्रार्थना सर्वांना ऐकू जाईल अशी मोठ्याने म्हणावी, असे तो सांगतो. कारण काय? तर एकत्र राहणाऱ्या माणसांत कलहाचे काटे उगवतातच. 'आम्ही जशी क्षमा करतो तशी आम्हांला क्षमा कर', असा करार त्या प्रार्थनेत आहे. तो रोज दोनदा कानांवर पडला म्हणजे ज्याच्या मनात काटा असेल त्याला तो काढून टाकण्याची आठवण होईल. इतर वेळच्या उपासनेत मात्र या प्रार्थनेचा शेवटचाच भाग मोठ्याने म्हणावा, म्हणजे सर्वांना मिळून उत्तर देता येईल, असे तो म्हणतो. बेनेडिक्ट माणसे ओळखून होता. मठातली माणसे म्हणून ती भांडणार नाहीत, अशा भ्रमात तो राहिला नाही.

मनातल्या मनात प्रार्थना करणाऱ्याला क्षमेचे ते वाक्य हळूच ओलांडून जाता येते. मोठ्याने आणि चारचौघांत म्हणणाऱ्याला ते ओलांडता येत नाही. आमच्या गावात बांधावरून अबोला धरलेले दोन भाऊ होते. दिवाणी दावा चालू होता. एकमेकांच्या दारावरून जाणेही त्यांनी सोडले होते. क्रुसाजवळच्या जपमाळेला मात्र दोघेही येत, एक या टोकाला आणि दुसरा त्या टोकाला. प्रभूच्या प्रार्थनेत ते वाक्य आले की धाकट्याचा आवाज बंद पडे. लहानपणी आम्हां मुलांना ती गंमत वाटे. आम्ही मुद्दाम कान देऊन असू. पुढे केव्हातरी एका संध्याकाळी त्याचा आवाज थांबला नाही. दावा त्यानंतर लगेच मिटला असे मी सांगणार नाही. त्याला आणखी पुष्कळ दिवस लागले आणि वकिलांचाही त्याला हातभार लागला. परंतु ज्या दिवशी तो आवाज थांबला नाही, त्या दिवशी घरी परतताना सारी मोठी माणसे गप्प होती, हे मला चांगले आठवते. प्रार्थनेने त्याला क्षमा करावयास लावले, की क्षमा केल्यावर त्याला प्रार्थना करता आली, हे मला ठरविता येत नाही. मात्र रोज त्या वाक्याशी अडखळणे, हीच त्याच्या क्षमेची पहिली पायरी होती असे मला वाटते.

आता दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ठरीव प्रार्थनांचा राग येणारे लोक केवळ नास्तिक नसतात. त्यांत मोठमोठे भक्तही आहेत. १८४१ साली हरी केशवजी यांनी ज्याचे 'यात्रिकक्रमण' या नावाने मराठी भाषांतर केले, त्या ग्रंथाचा कर्ता जॉन बनियन हा इंग्लंडात धर्ममतांसाठी सुमारे बारा वर्षे बेडफर्डच्या तुरुंगात होता. राज्याने नेमून दिलेल्या प्रार्थनापुस्तकातून प्रार्थना करण्यास त्याचा कडवा विरोध होता. प्रार्थना आत्म्याच्या प्रेरणेने उमटली पाहिजे, छापील पानावरून नव्हे, असा त्याचा आग्रह. त्याच्या म्हणण्यातले सत्य मला नाकारता येत नाही. लहानपणी आम्ही भावंडे जपमाळ अशी काही भरधाव म्हणत असू की एकाचा शेवट दुसऱ्याच्या आरंभावर आदळे. पोटात भूक आणि चुलीवरच्या कालवणाचा वास. मरियेला वंदन करतो आहोत की आगगाडी पकडतो आहोत, ते कळू नये! आजी मग हातातली माळ जमिनीवर आपटून म्हणे, "थांबा रे! तिला उत्तर द्यावयास तरी वेळ द्या."

सवयीने शब्द गुळगुळीत होतात हे खरे. परंतु त्यावर उपाय शब्द टाकून देणे हा नव्हे. आपण रोज ज्या पायवाटेने जातो तिच्याकडे आपले लक्ष नसते. पण अंधाऱ्या रात्री तीच आपल्या पायांना ओळखीची असते. बेनेडिक्टनेही यावर एका वाक्यात उपाय सांगितला आहे: जे मुखाने म्हणतो त्याच्याशी मनाचा मेळ असू द्यावा. आणि आजीचा उपाय तर त्याहून सोपा. थांबावे. समोरच्याचे अर्धे पुरते संपू द्यावे आणि मगच आपले सुरू करावे. मिळून प्रार्थना म्हणण्यात ही जी दुसऱ्यासाठी थांबण्याची शिस्त आहे, ती बनियनच्या आक्षेपाला माझे उत्तर आहे. एकट्याची प्रार्थना एकट्याच्या चालीने चालते. दहा जणांत म्हणताना घाई असलेल्याला म्हाताऱ्यासाठी आपला वेग आवरावा लागतो, आणि रेंगाळणाऱ्याला मुलांसाठी थोडा वाढवावा लागतो. देवापर्यंत ते शब्द कसे पोहोचतात ते देव जाणे. पण माणसापर्यंत माणूस मात्र त्या वेळी पोहोचलेला असतो.

अर्थात शब्द आपल्या भाषेतले असावेत. सोळाव्या शतकात संत फ्रान्सिस झेवियर गोव्यास आला, तेव्हा तो हातात घंटा घेऊन रस्त्यांतून फिरे, मुलांना आणि गुलामांना गोळा करी आणि त्यांच्याकडून प्रार्थना मोठ्याने म्हणवून घेई. पुढे दक्षिणेकडच्या मोती काढणाऱ्या कोळ्यांत गेल्यावर त्याने त्या प्रार्थना मोठ्या कष्टाने तमिळमध्ये करवून घेतल्या, स्वतः पाठ केल्या आणि एकेक वाक्य म्हणून लोकांकडून वदवून घेतल्या. १५७९ साली गोव्यास आलेल्या फादर थॉमस स्टीफन्सने तर आपल्या ओवीलाच हात घातला. १६१६ साली राशोल येथे छापलेले त्याचे 'ख्रिस्तपुराण' हे एकट्याने वाचावयाचे पुस्तक नव्हते. मंडळींनी एकत्र जमून ऐकावयाचे आणि गावयाचे ते पुराण होते. त्यानंतर सुमारे तीन शतकांनी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी तेच काम अभंग, भजन आणि कीर्तन यांच्या द्वारे केले. इंग्रजी चालींवर ओढूनताणून बसविलेली भाषांतरे गाणाऱ्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांना आपल्या मातीतला सूर मिळाला. कॅथलिक उपासनेतही दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी लोकभाषांना दार उघडले, आणि लॅटिनमध्ये चाललेली उपासना ऐकत बसणारे आमचे लोक आपल्या मराठीत मोठ्याने उत्तर देऊ लागले.

याच झेवियरच्या वाटेने गेलो तर मिळून म्हटलेल्या प्रार्थनेचे सामर्थ्य दाखविणारी एक विलक्षण कथा आपल्याला भेटते. १५४९ साली तो गोव्याहून निघून जपानला पोहोचला. तेथे ख्रिस्ती धर्म फैलावला, आणि पुढे १६१४ साली राज्यकर्त्यांनी देशभर त्याला बंदी घातली. धर्मगुरूंना हद्दपार केले, अनेकांना ठार केले. सतराव्या शतकाच्या मध्यास देशात एकही धर्मगुरू उरला नाही. देवळे नाहीत, ग्रंथ जवळ बाळगणे म्हणजे मरण. अशा स्थितीत नागासाकीच्या आसपासच्या खेड्यांत आणि बेटांवर गरीब शेतकऱ्यांनी व कोळ्यांनी चोरून एकत्र जमून आपल्या प्रार्थना चालू ठेवल्या. या प्रार्थनांना ते 'ओराशो' म्हणत. प्रार्थना या अर्थाच्या परकी शब्दाचेच हे जपानी रूप. बापाने मुलाला पाठ द्यावा, मुलाने नातवाला द्यावा. लॅटिन आणि पोर्तुगीज शब्द झिजत झिजत ओळखू येईनासे झाले. पुढे १८६५ साली नागासाकीत परदेशी लोकांसाठी नवे देऊळ बांधलेले असताना, १७ मार्च रोजी उराकामी गावच्या काही माणसांनी तेथे येऊन फादर पेतिजां यांना हळूच सांगितले की, आमचे अंतःकरण तुमच्यासारखेच आहे. अडीचशे वर्षे! धर्मगुरू नाही, वेदी नाही, ग्रंथ नाही. फक्त मिळून म्हटलेले शब्द. त्या शब्दांपैकी कित्येकांचा अर्थही त्यांना उरला नव्हता. तरी आपण एकटे नाही, हा त्यांचा अर्थ शिल्लक राहिला होता. एकेकट्याने आपापल्या शब्दांत प्रार्थना केली असती, तर तिसऱ्या पिढीला हाती काय लागले असते?

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. आपल्या मुंबईतच धोबीतलाव, माझगाव या भागांत गोव्याच्या लोकांच्या 'कूड' नावाच्या संस्था होत्या. काही आजही आहेत. प्रत्येक कूड एकेका गावाची. बोटीवर खलाशी म्हणून जाणारे, नोकरी शोधावयास आलेले गावकरी तेथे उतरत. एक लांब खोली, भिंतीशी ओळीने मांडलेल्या पेट्या आणि एका टोकाला गावच्या संताची वेदी. संध्याकाळी ठरलेल्या वेळी, जो कोणी कूडमध्ये असेल त्याने त्या वेदीपुढे जपमाळेला हजर राहावयाचे, असा शिरस्ता असे. उद्या बोट सुटून कोण कोठल्या समुद्रावर जाईल याचा नेम नाही. पण संध्याकाळी या वेळी आपल्या कूडमध्ये आणि गावच्या घराघरांत हेच शब्द म्हटले जात असतील, एवढे खलाशाला ठाऊक असे. ज्याला घर उरले नाही, त्याला ही प्रार्थना घर होई.

आणि हे सारे ख्रिस्ती लोकांपुरतेच आहे असे तरी कोठे आहे? माझ्या त्या वारकरी घराण्यातल्या स्नेह्यांना हरिपाठाची उठाठेव मी कशाला सांगावी? महात्मा गांधींनी आपल्या आश्रमांतून सकाळ-संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना कधी चुकू दिली नाही. पंडित नारायण मोरेश्वर खरे यांनी तयार केलेल्या 'आश्रम भजनावली'ने त्या प्रार्थनेला सूर दिला. त्या सभांतून ख्रिस्ती भजनेही आदराने गायिली जात. ३० जानेवारी १९४८ च्या संध्याकाळी गांधीजी झपझप चालले होते, तेही प्रार्थनेला उशीर झाला म्हणून. लोक आपली वाट पाहत आहेत, याची त्यांना चुटपूट लागली होती. मिळून करावयाच्या प्रार्थनेत दुसऱ्याला तिष्ठत ठेवणे हीच केवढी चूक, हे त्या घाईवरून समजावे.

आज आमच्या वाड्यांतूनही माणसे पांगली आहेत. बागांच्या जागी इमारती उठल्या. मुले कोणी आखातात, कोणी कॅनडात. संध्याकाळी घरात चार माणसे असली तर चौघांच्या हाती चार पडदे. २०२० च्या मार्च महिन्यात साथीमुळे देवळांची दारे बंद झाली, तेव्हा आमच्या आळीने जपमाळ मोबाईलवरून चालविण्याचा उपक्रम केला. पहिल्या दिवशी मोठा गोंधळ उडाला. एकाचा आवाज दुसऱ्यापर्यंत क्षणभर उशिराने पोहोचे. त्यामुळे सर्वांनी एकदम म्हटले की शब्दांचा नुसता काला होई. शेवटी असे ठरले की, सर्वांनी आपला आवाज बंद करावा, एकाने अर्धा भाग म्हणावा आणि दुसऱ्या कोणा एकानेच सर्वांच्या वतीने उत्तर द्यावे. बाकीच्यांनी आपापल्या घरी म्हणावे, जे कोणालाही ऐकू जाणार नाही.

त्या दिवसांत मी माझ्या खोलीत, दार लावून, एकटाच बसून ते शब्द म्हणत होतो. सुवार्तेत सांगितले होते तसेच अक्षरशः घडले होते. आणि तेव्हा मला माझ्या स्नेह्यांच्या प्रश्नाचे उत्तर सापडले. 'यात तुमचे स्वतःचे असे काय उरले?' असे त्यांनी विचारले होते. त्यांना मी आता म्हणेन, 'माझे स्वतःचे यात अर्धेच आहे, आणि ते तसेच असावे. उरलेले अर्धे दुसऱ्याच्या मुखी आहे. मी म्हणून थांबतो, आणि कोणीतरी ते पुरे करील अशा भरवशाने थांबतो.'

ते स्नेही आता हयात नाहीत. त्यांच्या घरच्या मंडळींनी त्यांच्यासाठी हरिपाठ म्हटला, तेव्हा मीही तेथे बसलो होतो. मला सगळे शब्द येत नव्हते. जे येत होते ते म्हणालो, आणि जेथे अडलो तेथे बाकीच्यांनी पुढे नेले.